कुत्रा कामावर असायचा तेव्हा माणूस कुठे असायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्यात मानपाड्याजवळ चौदाव्या मजल्यावर टू बीएचके, दोघांचीही नोकरी, घरात दहा महिन्यांचा बीगल. तुम्ही बाहेर पडलात की तो हेल काढून ओरडतो आणि सोसायटीचं पत्र आलं आहे. खाली पट्टा सोडला की हाका मारून घसा बसतो, पण तो येत नाही. विकणाऱ्याने "छोटा आहे, फॅमिली डॉग आहे, फ्लॅटसाठी बेस्ट" असं सांगून दिला होता. आता तुम्ही विचारताय की दोष जातीचा की शिकवण्याचा, लॅब किंवा जर्मन शेफर्ड घेतला असता तर बरं झालं असतं का, आणि सोबतीला दुसरा आणला तर हा गप्प होईल का.

मी ठाणे आणि नवी मुंबईत अनेक वर्षं घरोघरी जाऊन कुत्रे शिकवतो. कुठल्याही जातीबद्दल कोणी विचारलं की मी आधी एक गोष्ट बघतो. ही जात ज्या कामासाठी घडली, ते काम चालू असताना माणूस कुठे असायचा? शेजारी उभा? मागे धावत? लांब टेकडीवर? की झोपलेला? आणि पुढे काय करायचं हे कोण ठरवायचं, माणूस की कुत्रा? एवढं कळलं की कुत्रा हाकेला येईल का, एकटा राहील का, त्याचं तोंड किती चालेल, याचा बराच अंदाज येतो. 'मुलांशी चांगला', 'कमी जागेत राहतो' असल्या शेऱ्यांवरून तो येत नाही.

बीगल हा सशाच्या शिकारीचा कुत्रा. कोल्ह्याच्या शिकारीला इंग्लंडमध्ये घोडे लागायचे. बीगलच्या मागे माणसं पायीच जायची. ससा सरळ रेषेत लांब निघून जात नाही, आपल्या ओळखीच्या रानात मोठे वळसे घेत राहतो. त्यामुळे वेगापेक्षा दम आणि नाक महत्त्वाचं. आजच्या बीगलचा वंश बराचसा १८३० च्या दशकात एसेक्समधल्या फिलिप हनीवुड या धर्मगुरूने जमवलेल्या ताफ्यापर्यंत जातो. ताफ्यातले कुत्रे एकेकटे मोजायची पद्धतच नव्हती, ते जोड्यांनी मोजत. सगळे नाक जमिनीला लावून रान विंचरत निघायचे. एकाला वास लागला की तो गळा काढायचा, बाकीचे त्याच्याकडे धावायचे, वास खरा आहे का ते स्वतः हुंगून बघायचे आणि मग सगळे मिळून ओरडत माग काढायचे. माणूस बराच मागे, कुंपणं आणि झाडी ओलांडत. त्याला कुत्रे दिसत नसत, फक्त ऐकू येत. मुकाट्याने माग काढणारा कुत्रा कितीही हुशार असला तरी त्याचा उपयोग नव्हता, आणि माग ऐन रंगात असताना थांबून माणसाकडे वळून बघणाराही कामाचा नव्हता. शेपटीचं टोक पांढरं असावं ही अट आजही या जातीच्या वर्णनात आहे. उंच गवतात तेवढंच वर दिसतं.

आता तुमच्या दोन्ही तक्रारी पुन्हा वाचा. ओरडणं आणि हाकेला न येणं, या दोन्ही गोष्टी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून त्याच्यात पक्क्या केल्या आहेत. आणि तिसरी गोष्ट तुमच्या लक्षात आलेली नाही, ती म्हणजे एकटेपण. ताफ्यातला बीगल झोपायचासुद्धा इतरांच्या अंगाला अंग लावून. तुमचं पिल्लू दिवसाचे आठ तास बंद दाराआड एकटं असतं. ते ओरडतं ते हट्टाने नाही, आपली माणसं कुठे गेली ते कळत नाही म्हणून.

याच नाकाचं आणि याच खादाडपणाचं सोनं केलेलं उदाहरणही सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगल आणले, प्रवाशांच्या बॅगांमधली फळं आणि मांस हुंगून काढायला. लहान चण, गर्दीत न बुजणारा स्वभाव, एका तुकड्यासाठी दिवसभर राबायची तयारी. तिथे तो सतत पट्ट्यावर असतो आणि हँडलर त्याच्याच मागून चालतो. माणसाने स्वतःची जागा बदलली नाही, म्हणून ते जमलं.

लॅब्रॅडॉरचं काम ठाण्याच्या खाडीवरच्या कोळ्यांना चटकन कळेल. न्यूफाउंडलंडच्या थंडगार किनाऱ्यावर हे कुत्रे मासेमारांबरोबर होडीत असायचे. जाळ्यातून निसटलेला मासा धरून आणायचा, दोर तोंडात धरून पोहायचं. अंगावरची तेलकट दाट लव आणि जाड शेपटी तिथली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मासळीच्या जहाजांबरोबर ते इंग्लंडमधल्या पूल बंदरात उतरले. माल्म्सबरी आणि बक्ल्यूच या सरदार घराण्यांनी बंदुकीने पाडलेली बदकं आणण्यासाठी त्यांची पैदास केली आणि १९०३ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. इथे माणूस शेजारी. बार होईपर्यंत कुत्र्याने गप्प बसायचं, सांगितल्यावर जायचं, पक्षी न चिरडता तोंडात धरायचा आणि परत येऊन हातात द्यायचा. हे सगळं काम माणसाच्या हातात येऊन संपतं. म्हणून लॅब हाकेला येतो, चपला आणून देतो, आंधळ्यांना वाट दाखवायला शिकतो. गोल्डन रिट्रीव्हरचंही तेच. तो स्कॉटलंडच्या गिसाखन इस्टेटीवर लॉर्ड ट्वीडमाउथने घडवला, १८६८ मधल्या एका वीणीपासून.

पण लॅब म्हणजे आयता शहाणा कुत्रा असं समजू नका. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की जवळपास चौथ्या हिश्श्याच्या लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकाचा तुकडाच गायब असतो. त्यामुळे त्यांना भूक जास्त लागते. तोंडात काहीतरी धरायची त्याची गरज भागवली नाही, तर सोफ्याचे कोपरे जातात. आठ तास एकटा ठेवलेला लॅब तुमच्या बीगलइतका आवाज करणार नाही, शेजारी खूश राहतील, आणि घर आतून कुरतडलेलं असेल.

जर्मन शेफर्डला लोक पोलिसातला कुत्रा म्हणून ओळखतात, पण ते काम त्याला नंतर मिळालं. जर्मनीतल्या शेतांना कुंपणं नसायची. एका बाजूला उभं पीक, दुसऱ्या बाजूला चरणारी मेंढरं आणि मध्ये नांगराने काढलेली एक सरी. त्या सरीवरून कुत्रा दिवसभर दुडक्या चालीने येरझारा घालायचा, एकही मेंढरू पिकात जाऊ द्यायचा नाही. माक्स फॉन श्टेफानिट्स या माजी घोडदळ अधिकाऱ्याने १८९९ मध्ये असा एक कुत्रा विकत घेतला, त्याच वर्षी जातीची संघटना काढली आणि त्या कुत्र्यापासून आजची जात उभी केली. हद्द राखणं हेच त्याचं काम. तुमच्या फ्लॅटमध्ये तो बाल्कनी ते दार अशी हद्द आखेल आणि लिफ्ट थांबली की उठेल. डिलिव्हरीवाला, कचरा नेणारी ताई, वरच्या मजल्यावरचे काका, सगळ्यांची नोंद घेईल. त्याला ते करू द्यायचं नसेल तर दुसरं काम द्यावं लागतं, आणि ते रोज.

रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा गुरं हाकणारा आणि गाडी ओढणारा कुत्रा. गुरांना अंगाने रेटायची सवय आजही त्याच्या अंगचटीला येण्यात दिसते. डोबरमन आपोल्डा गावच्या करवसुली करणाऱ्या कार्ल फ्रीड्रिश लुई डोबरमनने सोबत बाळगायला घडवला. माणसाला चिकटून चालणं हेच त्याचं काम होतं. अशा कुत्र्याला बाल्कनीत बांधून ठेवण्यासारखा दुसरा छळ नाही आणि आपल्याकडे नेमकं तेच करतात.

बॉर्डर कोलीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण हल्ली नवी मुंबईत पाम बीच रोडच्या टॉवरांमध्ये हे कुत्रे फार दिसायला लागले आहेत आणि त्यांचे हाल मला बघवत नाहीत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगरात मेंढपाळ खाली उभा असतो, कुत्रा लांब उतारावर. मधलं नातं फक्त शिट्टीचं. लांडग्याच्या शिकारीत जे टप्पे असतात, म्हणजे नजर रोखणं, दबकणं, पाठलाग, पकडणं आणि मारणं, त्यातले पहिले तीन माणसाने या कुत्र्यात वाढवले आणि शेवटचे दाबून टाकले. १८९३ मध्ये जन्मलेला ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा आजच्या बहुतेक बॉर्डर कोलींचा पूर्वज. तो न भुंकता नुसत्या नजरेने मेंढ्या हलवायचा. वाशीच्या एका घरात मी असा कोली पाहिला. हॉलमध्ये पंखा चालू होता आणि भिंतीवर पात्यांची सावली फिरत होती. कुत्र्याची मान खांद्याच्या खाली, पुढचा एक पाय उचललेला, तोंड बंद, डोळे सावलीवर. पाण्याचं भांडं नाकाजवळ सरकवलं तरी नजर हलली नाही. घरच्यांना वाटत होतं की तो खेळतोय. मेंढी वळवली की वळते आणि कुत्र्याला काम झाल्याचं कळतं. सावली कधीच वळत नाही, म्हणून तो तासन्‌तास तिथेच अडकलेला. तिथे आधी पंखा बंद केला आणि मग कामाचं बोललो.

डॅक्सहुंड बिळात शिरून बिज्जूशी भिडायचा. माणूस वर, फावडं घेऊन, जमिनीला कान लावून. कुत्र्याचा आवाज येईल तिथे खणायचं. एवढ्याशा कुत्र्याचा आवाज इतका भरदार का, आणि तो पांघरुणात शिरून गादी का उकरतो, हे विचारणाऱ्यांसाठी एवढं पुरे. टेरियरही त्याच जातकुळीतले. डेव्हनच्या जॉन रसेल या धर्मगुरूने १८१९ मध्ये घेतलेल्या ट्रंप नावाच्या कुत्रीपासून कोल्ह्याला बिळातून बाहेर काढणाऱ्या टेरियरांची ओळ सुरू झाली. बिळात हुकूम पोचत नाही. तिथे कुत्र्याने स्वतःच ठरवायचं असतं, आणि तो स्वभाव तुमच्या हॉलमध्ये आला की लोक त्याला हट्टी म्हणतात.

ल्हासा आप्सो तिबेटच्या मठांत आणि घरांत आत राहून राखण करायचा. बाहेर मोठे मॅस्टिफ, आत हा. त्याचं काम चाहूल लागली की सांगणं, म्हणून फ्लॅटमध्ये तो सांगतच राहतो. शित्झू आणि पग हे चीनच्या दरबारातले, माणसाच्या मांडीवरचे, आणि खरोखर सोबत हेच त्यांचं काम. घरात राहायला हे उत्तम, अडचण नाकाची. चपट्या तोंडाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं जड जातं, आणि आपल्याकडे मे महिन्यात हवेत इतका दमटपणा असतो की धाप टाकूनही उपयोग होत नाही. पगला सकाळी लवकर आणि रात्री उशिरा फिरवा, मधल्या वेळेत नाही.

हस्कीबद्दल मी फार बोलत नाही, ठाण्यात तो आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. सैबेरियाच्या चुकची लोकांचा हा गाडी ओढणारा कुत्रा. हलकं ओझं, लांबचा पल्ला, माणूस मागे गाडीवर आणि पुढे मोकळी वाट. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली तेव्हा औषध पोचवणाऱ्या गाड्या अशाच कुत्र्यांनी ओढल्या. बाल्टो आणि टोगो ही नावं तिथली. ओढणं हाच ज्याचा धर्म, त्याला पट्टा न ओढता चालायला शिकवा म्हणून लोक मला बोलावतात. ते एक वेळ शिकवता येईल, पण अंगावरचा केसांचा दुहेरी कोट उतरवता येत नाही.

आपल्याकडच्या कुत्र्यांचं मूळ काम लोक विचारतच नाहीत, म्हणून तेही लिहितो. कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात, हा दख्खनच्या माळावरचा नजरेने शिकार करणारा कुत्रा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी त्याची जोपासना केली आणि एक जोडी पाचव्या जॉर्जला भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हा आहे, आणि लष्कराच्या मेरठच्या केंद्रातही याला प्रशिक्षण दिलं गेलं. माळावर ससा उठला की कुत्रा सुटायचा, माणूस जागेवर उभा राहून बघायचा. त्यामुळे हलणारं काही दिसलं की हा गेला, हाक मारायलासुद्धा वेळ मिळत नाही. पण घरात तो शांत झोपून राहतो, उगाच भुंकत नाही. बंदिस्त मैदानात रोज मनसोक्त पळायला मिळालं तर फ्लॅटमध्ये हा अनेक विलायती कुत्र्यांपेक्षा सुखाने राहतो. त्याच्यावर आवाज मात्र चढवू नका. हा कुत्रा फार लावून घेतो.

आणि धनगरांचा कुत्रा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे त्यांचे वाडे, म्हणजे माणसं-मेंढरांचे तांडे, तुम्ही पाहिले असतील. रात्री मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात असतात, माणसं दिवसभराच्या चालीने दमून झोपलेली आणि राखणीला कुत्रा. लांडगा आला तर कोणाला विचारायचं नाही, स्वतः ठरवायचं. अशा कुत्र्याचं पिल्लू हौसेने शहरात आणणाऱ्यांना मी हात जोडून नको म्हणतो. रात्री दोन वाजता पार्किंगमधून चालत येणारा माणूस कोण, हे तो तुम्हाला विचारणार नाही.

बिल्डिंगखालच्या गावठी कुत्र्याला माणसाने कुठल्या एका कामासाठी घडवलेलं नाही. माणसाच्या वस्तीच्या कडेने जगत तो स्वतःच घडला. म्हणून त्याच्यात कुठलीच गोष्ट टोकाला गेलेली नसते आणि हवा तर इथलीच. लहान वयात घरात आला तर फ्लॅटसाठी याच्याइतका समजूतदार कुत्रा मी क्वचित पाहिला आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. आज आपण ज्यांना जाती म्हणतो त्यातल्या बहुतेकांचं रूप गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पक्कं झालं. १८५९ मध्ये न्यूकॅसलला कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं, १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला आणि तेव्हापासून पैदास कामापेक्षा दिसण्यावर होऊ लागली. बुलडॉगचं काम तर त्याआधीच संपलं होतं, बैलाशी झुंजवण्याच्या खेळावर इंग्लंडमध्ये १८३५ मध्येच बंदी आली. आज उरलंय ते श्वास अडकणारं रूप. २०२२ मध्ये अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कुत्र्या-कुत्र्यांमधल्या वागण्याच्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीवरून समजतो. रागीटपणा तर जातीवरून जवळजवळ ओळखताच येत नाही. पण माणसाचं ऐकण्याची तयारी किंवा हेल काढून ओरडणं अशा काही गोष्टींत जातीचा हात जास्त दिसतो. म्हणजे मूळ काम बघून कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं. तुमच्या घरातला कुत्रा कसा आहे हे त्याच्याकडेच बघून ठरवावं लागतं. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे कागदही आईबाप सांगतात, स्वभाव सांगत नाहीत. पिल्लू घेताना आईला भेटा. ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते बघा.

आता तुमच्या घरचं. दोष जातीचाही नाही आणि तुमच्या शिकवण्याचाही फारसा नाही. कुत्र्याला त्याचं काम मिळत नाहीये.

पट्टा सोडणं आजपासून बंद. दहा मीटरची लांब दोरी घ्या, गळ्याला नको, छातीच्या हार्नेसला लावा. उपवन तलावाला पहाटे जा आणि अर्धा-पाऊण तास त्याला नाकाने चालू द्या. एका झाडापाशी पाच मिनिटं थांबला तर तुम्हीही थांबा. येऊरच्या जंगलाच्या बाजूला बिबट्यांचा वावर आहे, तिकडे अंधारात नेऊ नका आणि उजेडातही दोरी हातातून सोडू नका. हाक फक्त तेव्हाच मारा जेव्हा नाक वर असेल, आणि आला की चिकनचा तुकडा द्या आणि परत हुंगायला सोडा. आलं की मजा संपते असं त्याला वाटायला नको.

जेवणाचं भांडं काढून टाका. सकाळचं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गाठ मारून द्या. संध्याकाळी उकडलेल्या चिकनचा तुकडा फडक्यात बांधून हॉलपासून बेडरूमपर्यंत जमिनीवरून ओढत न्या, वळणं घ्या, शेवटी खाणं लपवा आणि मग त्याला सोडा. पहिल्या दिवशी तो नुसता गोल फिरेल. थोड्या दिवसांनी नाक फरशीला चिकटेल, शेपटी ताठ होईल आणि शोध लागला की तो एकदा गळा काढेल. तेव्हा ओरडू द्या, ती त्याची हक्काची जागा आहे. त्यानंतर तो जसा झोपतो, तसा तासभर पळवूनही झोपत नाही.

एकटं राहायला शिकवणं सगळ्यात अवघड आणि त्याला वेळ लागतो. किल्ली उचला, परत ठेवा, जा कुठेच नका. मग दाराबाहेर दहा सेकंद, मग अर्धं मिनिट. घरात मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवा आणि तो अस्वस्थ व्हायच्या आधी परत या. किती वेळाने सुरू होतो ते त्यावरून कळेल आणि तिथूनच वाढवायचं. हे चालू असेपर्यंत त्याला आठ तास एकटा ठेवायचं नाही, नाहीतर केलेलं पुसलं जातं. आजी-आजोबा, डे केअर, दुपारी येणारा वॉकर, एकाने घरून काम करणं, जे जमेल ते लावा. झटका देणारा पट्टा घालू नका. भीतीने ओरडणाऱ्याला वेदना दिली की भीती वाढते.

सोसायटीला हे सगळं लेखी कळवा, काय करताय आणि किती दिवसांत फरक अपेक्षित आहे ते. पाळीव कुत्र्यावर बहुमतानेही बंदी घालता येत नाही, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, पण शेजाऱ्यांची झोप ही खरी अडचण आहे आणि तिच्याबद्दल आधी तुम्ही बोललात तर लोक साथ देतात.

राहिला दुसऱ्या कुत्र्याचा प्रश्न. आधी ओळखीतल्या कोणाचा तरी शांत, मोठा कुत्रा अर्धा दिवस घरी आणा, दोघांना ठेवून बाहेर पडा आणि रेकॉर्डिंग बघा. तुमचा त्याच्या शेजारी आडवा झाला तर त्याला सोबत हवी होती, मग विचार करता येईल. तेव्हा दुसरा बीगल मात्र नको, कारण एकाने गळा काढला की दुसरा साथ देतोच, त्यासाठीच ते घडले. एखादा मोठा, स्थिरावलेला गावठी दत्तक घ्या. आणि दुसरा कुत्रा असूनही तो दाराशीच बसून ओरडत राहिला तर त्याला तुम्ही हवे आहात. मग दुसरा आणू नका, दाराबाहेरच्या त्या दहा सेकंदांपासून सुरुवात करा.